कमी जागेत काय उतरवायचं?

जुन्या फोनचा बॅकअप नव्या फोनवर उतरवायचा आणि नव्या फोनमध्ये जागा जुन्यापेक्षा कमी, असा प्रसंग पूर्वी क्वचित यायचा, कारण नवा फोन बहुधा आधीच्यापेक्षा मोठाच असायचा. आता तो बऱ्याचदा येतो. नोकरी सोडताना कंपनीचा २५६ जीबीचा फोन परत द्यावा लागतो आणि घरात १२८चा पडलेला असतो. फोन लोकलमध्ये चोरीला जातो आणि महिनाअखेरीला परवडेल तो घ्यावा लागतो. मग पडद्यावर एक वाक्य येतं : पुरेशी जागा नाही. यापुढे प्रत्येक फोन आणि प्रत्येक अ‍ॅप वेगळं वागतं. काही फोन पूर्ण बॅकअप उतरवायला सुरुवातच करत नाहीत. काही कोणती अ‍ॅप्स हवीत ते विचारतात. काही अ‍ॅप्स आधी मजकूर उतरवतात आणि फोटो-व्हिडिओ मागून, जागा पुरेल तोवर ओढत बसतात.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, त्यामुळे नातेवाइकांत असं काही झालं की फोन माझ्याकडे येतो. हा तांत्रिक प्रश्न आहे असं सगळ्यांना वाटतं. माझा अनुभव वेगळा आहे. यातला तांत्रिक भाग अर्ध्या तासात संपतो. त्यानंतर जे उरतं ते असं : सगळं बसणार नसेल तर काय सोडायचं, हे कोणी ठरवायचं आणि कशाच्या आधारावर?

गणित कुठपर्यंत सोबत करतं

पहिली सूचना नेहमी एकच असते : "झिप करून बघ ना." ती का चालत नाही हे समजायला पदवी लागत नाही. दहा बिटांचे वेगवेगळे संदेश १,०२४ होतात. दहापेक्षा कमी बिटांचे सगळे संदेश मोजले, अगदी रिकामा संदेशही धरला, तरी ते भरतात १,०२३. म्हणजे दहा बिटांचा प्रत्येक संदेश काहीही न गमावता लहान करून दाखवणारी युक्ती असूच शकत नाही. कबुतरं एकाने जास्त आणि खुराडी एकाने कमी. झिपसारख्या पद्धती तरीही उपयोगी पडतात, कारण आपल्या मजकुरात पुनरुक्ती भरपूर असते आणि ती काढता येते. फोटो आणि व्हिडिओ मात्र फोनमध्ये साठतानाच दाबून बारीक केलेले असतात. ते पुन्हा झिप करून हाती फारसं काही लागत नाही.

क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली माहितीचं गणित मांडलं, तेव्हा काहीही न गमावता किती दाबता येईल याची सीमा दाखवून दिली. त्या सीमेच्या खाली जायचं असेल तर काहीतरी गमवावंच लागतं. १९५९च्या निबंधात त्यांनी त्याचाही हिशेब दिला : इतका इतका बिघाड चालत असेल, तर किमान इतके इतके बिट लागतील. पण या हिशेबाला एक गोष्ट बाहेरून पुरवावी लागते. बिघाड कशाला म्हणायचं आणि कोणता बिघाड किती मोठा धरायचा, याचं माप. ते गणितातून निघत नाही. फोटोंसाठी १९९२ साली आलेल्या जेपेगने ते माणसाच्या डोळ्यावरून घेतलं. उजेड-अंधारातला फरक डोळ्याला चटकन कळतो, रंगातला बारीक फरक तितका कळत नाही, म्हणून रंगाचा तपशील आधी सोडायचा. निर्णय चांगला होता, पण तो निर्णय होता. बघणाऱ्याला काय जाणवेल, हे आधी ठरवून तो घेतला गेला.

फोनभर सामान लहान जागेत बसवताना हेच माप लागतं. इथे बघणारं माणूस कोण, आणि काय गेलेलं त्याला जाणवेल?

मोठं ते आधी

हा प्रश्न फोन आपल्याला विचारत नाही. तो परस्पर उत्तर देऊन टाकतो. जागा मोकळी करण्याच्या पडद्यावर गेलात की यादी बहुधा आकारानुसार लागलेली असते, सगळ्यांत मोठी फाइल सगळ्यांत वर. मग 'एकसारखे फोटो', 'बरेच दिवस न वापरलेली अ‍ॅप्स', 'अनेकदा फॉरवर्ड झालेलं' असे गट. असा पडदा मला करायला सांगितला असता तर मीही साधारण असाच केला असता. आकार, पुनरुक्ती आणि शेवटचा वापर या तीन गोष्टी यंत्राला मोजता येतात. तक्रार इतकीच, की जे मोजता येतं त्यालाच आपण हळूहळू महत्त्व समजू लागतो.

गेल्या वर्षी माझे मोठे काका गेले. मुलुंड पूर्वेला राहायचे आणि शेवटपर्यंत मस्जिद बंदरच्या एका पेढीत हिशेब लिहायला जायचे, रोज लोकलने. त्यांचा फोन त्यांच्या मुलाने घेऊन दिलेला, २५६ जीबीचा. शेवटच्या आजारपणाच्या धावपळीत तो पडला आणि धड चालेना, म्हणून त्यातलं सगळं आधीच हार्ड डिस्कवर काढून ठेवलं होतं. ते भरलं १७० जीबी. काकूचा फोन ६४चा. चौसष्ट लिहिलेल्या फोनमध्ये सगळे चौसष्ट आपल्या वाट्याला येत नाहीत, सिस्टीम आपली जागा आधी धरून बसते. बिल्ट-अप आणि कार्पेट एरियातला फरक मुंबईत कोणाला समजवायला नको. काकूचं स्वतःचं सामान धरता वीसेक जीबी उरत होते.

काकूचं म्हणणं साधं होतं : "ह्यांचं सगळं माझ्या फोनमध्ये घालून दे." चुलतभावाने पुण्याहून फोनवर सांगितलं, "मोठे व्हिडिओ उडव, बाकीचं बरंचसं बसेल." म्हणजे तीच यादी, मोठं ते आधी.

मी यादी बाजूला ठेवली आणि काकूला एकेक विषय विचारत गेले. दोन रविवार गेले त्यात. तिने सोडलं काय ते ऐका. काश्मीरच्या सहलीचे जवळजवळ सगळे फोटो आणि व्हिडिओ. "काढले त्यांनी, त्यामुळे त्यांत ते नाहीतच. आणि डोंगर माझ्या लक्षात आहेत." भाचीच्या लग्नाचं चित्रीकरण. "ते तिच्याकडे आहे की." पेढीतले स्कॅन केलेले कागद तर तिने ऐकूनच घेतले नाहीत. मग तिने विचारलं, "भांडुपचे मेसेज असतील ना गं?"

ते कोणते हे मला ठाऊक नव्हतं. आवाजी संदेशांच्या फोल्डरमध्ये ते शेकड्यांनी होते. तीन-चार सेकंदांचे. "भांडुप गेलं, चहा टाक." कधी "नाहूर आलं". पावसाळ्यात "कुर्ल्याला अडकलोय, तू खाऊन घे". एकेक संदेश दहा-पंधरा केबीचा. सगळे मिळून काश्मीरच्या एका बऱ्यापैकी व्हिडिओत मावले असते. चुलतभाऊ म्हणाला, सगळे सारखेच आहेत, चार-पाच ठेवू. काकू त्याला म्हणाली, "एकच ठेवलास तर त्यांनी एकदाच चहा मागितला असं होईल."

त्या वाक्यावर मी बरेच दिवस विचार करते आहे. शॅनन यांच्या गणितात संदेशातली माहिती त्याच्या अनपेक्षितपणावरून मोजतात. जे आधीच ठाऊक असतं त्यात माहिती जवळजवळ शून्य. संध्याकाळी ठरल्या वेळी येणारा "भांडुप गेलं, चहा टाक" इतका ठरलेला असायचा की तो वाजेपर्यंत काकूने आधण ठेवलेलं असे. दाबून लहान करण्याची कुठलीही पद्धत सगळ्यात आधी अशा पुनरुक्तीवर हात टाकते. आणि संसार तर मुख्यतः पुनरुक्तीचाच असतो. शॅनन यांनी आपल्या १९४८च्या निबंधात सुरुवातीलाच सांगून टाकलं आहे की संदेशाचा अर्थ हा या अभियांत्रिकी प्रश्नाचा भाग नाही. त्यांनी आपल्या कामाची हद्द आखून दिली होती. ती हद्द आम्ही पडदे बनवणारे विसरतो आणि आमच्यामुळे तुम्हीही विसरता.

आपणहून न निवडण्याची सोय

मग माणसं आकारानुसार लागलेली यादी इतक्या सहज का स्वीकारतात? आळस हे एक कारण झालं. मला दुसरंही एक दिसतं.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. कलिना, कुर्ला, साकीनाका भागांत तळमजल्यांवरच्या घरांत पाणी शिरलं. कपाटांच्या खालच्या कप्प्यांत ठेवलेले लग्नाचे अल्बम, शाळेचे दाखले, पत्रं भिजून त्यांचे गठ्ठे झाले. उपनगरांत माझ्या वयाची कितीतरी मुलं आहेत ज्यांचे लहानपणीचे फोटोच नाहीत, आणि कारण विचारलं की ती फक्त तारीख सांगतात. हे नुकसान मोठं होतं, पण ते कोणी निवडलेलं नव्हतं. पाण्याने कुठला अल्बम घ्यायचा हे ठरवलं नाही, म्हणून घरात कोणी कोणाकडे बोट दाखवू शकलं नाही.

निवड करून सोडलेल्या गोष्टीचं तसं नसतं. तिथे मागे एक माणूस उभं असतं. "काश्मीर का काढलंस?" असं उद्या कोणी विचारू शकतं. आकाराची यादी आपल्याला या प्रश्नातून सोडवते. गेलं ते मोठं होतं म्हणून गेलं, आपण काही केलं नाही. पुराच्या वेळचा निर्दोषपणा आपल्याला हवा असतो आणि यंत्र तो देऊ करतं. मला हे खटकतं, कारण निर्णय तर झालेलाच असतो. फक्त तो कोणाच्या नावावर लागत नाही.

"मोठा फोन घ्या ना"

यावर सरळ आक्षेप येतो, आणि तो हलका नाही : जागा स्वस्त होत चालली आहे. मोठा फोन घ्या, किंवा महिन्याला थोडे पैसे भरून सगळं क्लाउडवर ठेवा. अडचण तात्पुरती आहे, तिच्यावर नीतिशास्त्र कशाला उभारायचं?

तीन गोष्टी. एक, ती जागा भाड्याची असते आणि भाड्याच्या अटी बदलतात. गूगल फोटोजवरची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ला बंद झाली आणि त्यानंतरचे फोटो खात्याच्या १५ जीबींत मोजले जाऊ लागले. त्यात अन्याय नाही, कोणाची तरी जागा खर्ची पडतेच. पण सत्तरीच्या काकूने दरमहा भाडं भरायचं आणि तिच्यानंतर कोणी, हा प्रश्न मिटत नाही, पुढच्या माणसाकडे सरकतो.

दोन, जागा वाढली तरी काकूची संध्याकाळ वाढत नाही. १७० जीबींत कोणी काही शोधत नाही. त्या ढिगात भांडुपचे मेसेज होते हे मला कळलं, कारण निवडायची वेळ आली म्हणून मी विचारलं. मोठा फोन असता तर मी सगळं उतरवून दिलं असतं, काकूने 'झालं गं बाई' म्हटलं असतं, आणि ते मेसेज कुठल्याशा फोल्डरच्या फोल्डरमध्ये पडून राहिले असते.

तीन, आणि हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं : बॅकअपमध्ये असलेलं सगळं काकांचं नव्हतं. फोनमध्ये आपल्याइतकेच इतर लोक असतात. पेढीतल्या कोणीतरी उसने पैसे मागितलेले, एका नातलगाने स्वतःच्या घरातलं भांडण सांगितलेलं. हे काकांना सांगितलेलं होतं. काकांच्या बायकोला नाही, पुतणीला तर नाहीच. अशा गोष्टी जागा असली तरी उतरवू नयेत असं माझं मत झालं आहे. म्हणून आम्ही संभाषणं उघडून वाचली नाहीत. नावांची यादी काकूपुढे ठेवली आणि तिने तिच्याशी झालेलं, मुलाशी झालेलं आणि भावंडांच्या ग्रुपवरचं, एवढंच घ्यायला सांगितलं. कमी जागेने इथे उलट मदतच केली. सगळं बसलं असतं तर हा प्रश्न कोणी विचारलाच नसता.

कायदा याबाबत थोडाच पुढे येतो. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात मृत्यू झाल्यास किंवा माणूस असमर्थ झाल्यास त्याचे हक्क बजावण्यासाठी दुसऱ्या कोणाला नामनिर्देशित करण्याची तरतूद आहे. पण सोसायटीच्या फॉर्मवर नॉमिनी म्हणून नाव लिहिलं की तो घराचा मालक होत नाही, हे आपल्याकडे बऱ्याच घरांनी भांडून शिकलेलं आहे. कोण ठरवेल हे नॉमिनेशन सांगतं. काय ठरवणं योग्य, ते नाही.

सोडलेल्याची नोंद

उपनगरांत सध्या दर दुसऱ्या गल्लीत एखादी इमारत पुनर्विकासाला गेलेली दिसते. बोरिवली असो, घाटकोपर असो, कुटुंबं दोन-तीन वर्षांसाठी भाड्याच्या लहान जागेत जातात आणि माळ्यावरचं सामान खाली येतं. तिथे बायका निवड कशी करतात ते बघण्यासारखं असतं. पितळेचं पातेलं जड असतं, भंगारात भावही बरा येतो, पण त्यावर नाव घातलेलं असतं. कोणी दिलं, कधी दिलं, मुंजीत की लग्नात. ते नाव वाचलं जातं आणि मग ठरतं. पातेलं गेलं तरी ते कोणाचं होतं हे त्या क्षणी मोठ्याने म्हटलं जातं. फोनमधल्या फोटोच्या नावात तारीख आणि आकडा असतो. ते वाचून कोणाला काही आठवत नाही.

निवडही करायची आणि सोडलेल्याशी प्रामाणिकही राहायचं, याचं याहून मोठं उदाहरण पुण्यात आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं आणि ते १९६६ साली पुरं झालं. शेकडो हस्तलिखितं, प्रत्येकात कमी-जास्त श्लोक. १९२५पासून या कामाचे मुख्य संपादक असलेले वि. सी. सुखठणकर मूळचे गणिताचे विद्यार्थी होते. तिथला हेतू जागा वाचवण्याचा नव्हता, उपलब्ध पुराव्यावरून जुन्यात जुना पाठ ठरवण्याचा होता. पण पेच ओळखीचा आहे : काही वर राहणार, काही राहणार नाही. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहून घेतलं, ही आपल्याला लहानपणापासून ठाऊक असलेली गोष्ट मुख्य पाठातून बाहेर गेली. महाराष्ट्रात बसून गणपतीला बाहेर काढणं सोपं नसणार. मात्र ती गोष्ट नाहीशी केली गेली नाही. मुख्य पाठात न घेतलेला मजकूर तळटीपांत आणि परिशिष्टांत छापला, तो कोणत्या हस्तलिखितांत मिळतो तेही सांगितलं. ज्याला संपादकांचं म्हणणं पटत नाही, त्याला त्याच ग्रंथातून त्यांच्याशी भांडता येतं.

काकूच्या फोनसाठी मी याचीच घरगुती नक्कल केली. जे उतरवलं नाही त्याची दोन पानी यादी. कोणत्या सहलीचे किती फोटो, कोणाच्या लग्नाचं चित्रीकरण, ते आणखी कोणाकडे आहे, आणि का सोडलं. 'का'च्या रकान्यात काकूचे शब्द जसेच्या तसे लिहिले. दुसऱ्यांच्या संभाषणांपुढे नावं लिहिली नाहीत, 'आपली नव्हेत' एवढंच लिहिलं. चुलतभाऊ दिवाळीत आला तेव्हा त्याने यादी वाचली, काश्मीरवरून काकूशी वाद घातला आणि तीस फोटो परत घ्यायला लावले. ते बसले. असा वाद घालता यावा म्हणूनच ती यादी होती.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही. यातलं काहीही काकांना विचारलेलं नव्हतं. निवड जिला त्या फोनबरोबर राहायचं आहे तिने करावी, असं मी मानते. काश्मीरच्या ज्या डोंगरांत त्यांना एवढं काय दिसलं होतं, त्याची बाजू मांडायला मात्र त्या दोन रविवारी कोणी नव्हतं. हार्ड डिस्क अजून आहे. तिचं काय करायचं ते वर्षश्राद्धानंतर बघू, असं काकूने ठरवलं आहे. तोवर यादीतली कोणतीही ओळ परत मागता येईल. त्यानंतर, ती म्हणते, दुसऱ्यांचं जे आहे ते तरी नक्की पुसून टाक.